गावात पोषणाचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

नुकतीच आशा म्हणून निवड झालेली ताई, अंगणवाडीत नव्यानं रुजू झालेली सेविका, गावातच राहून आरोग्याचं काही काम करावं असं वाटणारी पोरं-पोरी, अशांसाठी हे लिहिते आहे. प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार यांचे तक्ते तुम्हाला प्रशिक्षणात मिळतीलच. पण तक्ता हातात असूनही पहिल्याच घरी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून कामाच्या क्रमानं सांगते.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या विदर्भात तूर पिकते, हरभरा पिकतो, सोयाबीन, मूग, उडीद, जवस, तीळ पिकतात. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत धान आहे, तलावांत मासे आहेत, पावसाळ्यात बांधाबांधावर रानभाजी आहे. आणि तरी त्याच गावात लेकराच्या दंडाची फीत पिवळ्यात येते, म्हणजे ते कुपोषित निघतं, बाईच्या अंगात रक्त भरत नाही. पीक निघालं की ते बाजार समितीत जातं, कारण बियाण्याचं, खताचं, फवारणीचं देणं उभं असतं. घरात उरतं रेशनचं धान्य आणि पातळ वरण. म्हणून नुसतं ‘सकस खा’ सांगत फिरण्यात काही हशील नाही. पिकलेल्यातलं घरात काय राहिलं, आणि राहिलेलं कोणाच्या ताटात गेलं, हे दोन प्रश्न कधीच सोडू नका.

पहिली भेट: कालच्या दिवसाचं खाणं विचारा

‘तुम्ही काय खाता?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: वरण, भात, भाजी, पोळी. ते पाहुण्याला द्यायचं उत्तर आहे. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत पोटात काय-काय गेलं ते क्रमानं विचारा. चहा किती वेळा झाला, चहासोबत काय खाल्लं, वावरात नेलेल्या डब्यात काय होतं, भाजी कशाची होती. ‘काल वरणात डाळ किती मुठी टाकली माय, अन् जेवणारे किती होते?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक खरं येतं.

मग विचारा, आधी कोण जेवलं आणि शेवटी कोण. बऱ्याच घरांत आधी माणसं, मग पोरं, मग सासू आणि शेवटी सून. तिच्या वाट्याला भाकर उरते, वरणाचं पाणी उरतं. निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हीच बाई पहाटे उठून सगळ्यांचं रांधते आणि दिवसभर वाकून राबते. तिला ‘तुम्ही नीट जेवत जा’ असं सांगणं म्हणजे तिच्यावरच दोष टाकणं. बोलायचं ते सासूशी आणि नवऱ्याशी. ‘आजी, सुनेला तुमच्याच पंगतीला घ्या, नातू धडधाकट होईल’ असं म्हणून पाहा. आजी घरात असताना तिला वगळून सुनेशी परस्पर बोललात तर दुसऱ्या भेटीला दार उघडेल, पण गोष्ट पुढे सरकणार नाही.

वहीत प्रत्येक घराला एक पान द्या आणि सहा रकाने आखा: धान्य, डाळ-कडधान्य, भाजी आणि फळ, दूध-दही, अंडी-मासे-मटण, तेल-फल्ली (शेंगदाणे)-तीळ-जवस. काल जे खाल्लं त्यासमोर खूण करा. बहुतेक पानांवर धान्याचा आणि तेलाचा रकाना भरलेला दिसेल. रिकामा रकाना दिसेल तिथून बोलायला सुरुवात करा.

शरीराला काय लागतं, थोडक्यात

भाकर, पोळी, भात यांतून काम करायला ताकद मिळते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, प्रथिनांतूनही ४, तेला-तुपातून ९. डाळ, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं शरीर बांधतात आणि झिजलेलं भरून काढतात. भाज्या-फळांतली जीवनसत्त्वं आणि क्षार या दोन्ही कामांना लागतात. ते नसतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही आणि आजार पाठ सोडत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाचं ताट असं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा त्याऐवजी अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ असे पदार्थ ३५ ग्रॅम आणि तेल २७ ग्रॅम. हे आकडे तुमच्या माहितीसाठी ठेवा, मजुरी करणाऱ्या बाईसमोर वाचून दाखवू नका. पण आपल्याकडचं ताट कुठं तोकडं पडतं ते या यादीवरून लगेच कळतं: डाळ, भाजी, दूध.

डाळ घट्ट करा

मला एकच बदल करायला सांगितला तर मी हाच सांगेन.

मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या बाईला साधारण ४० ग्रॅम. आता हिशेब करा. दिवसभरात अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तर २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २० ते २२ ग्रॅम असतात. माणशी दोन मुठी म्हणजे साधारण ६० ग्रॅम डाळ दिवसाला पोटात गेली की हिशेब जवळपास पुरा होतो. पण पाच माणसांच्या वरणात एक मूठ डाळ असेल तर एकेकीला एक-दीड ग्रॅम प्रथिनं मिळतात.

भाकर आणि डाळ सोबतच का, हेही समजून घ्या. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या आज्या वरण-भात, भाकर-बेसन, गोळाभात, मुगाची खिचडी घालत आल्या ते काही उगाच नाही.

मग घरी काय सांगायचं? तूर किंवा हरभरा विकायच्या आधी वर्षाची डाळ घरी ठेवून द्या. चार-पाच माणसांच्या घराला वर्षाला क्विंटलभर लागते, हे आकडा घेऊन बोला, म्हणजे घरधनी विचारात घेतो. सोयाबीन घरचं असेल तर दळणात मिसळायला सांगा: नऊ किलो गहू किंवा ज्वारीला एक किलो. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ४० ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं असतात. मात्र ते कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनं निघून जातात, म्हणून आधी उकळत्या पाण्यात शिजवून, वाळवून, भाजून मग गिरणीत द्यायचं. हिवाळ्यात तुरीचे सोले, पोपटीच्या शेंगा, बरबटी, हरभऱ्याचे घाटे जितके खाल तितके थोडे. मूग, मटकी, हरभरा भिजवून मोड आणले की त्यातलं लोह जास्त शोषलं जातं आणि क जीवनसत्त्वही तयार होतं.

ज्या घरात अंडी चालतात तिथं अंड्याचा आग्रह धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि डाळीत अजिबात नसलेलं बी-१२ जीवनसत्त्व मिळतं. अंगणात चार कोंबड्या असतात, पण अंडी बाजारात जातात. सगळी ठेवा म्हणू नका. गरोदर सून किंवा दोन वर्षांचं लेकरू घरात असेल तर त्यांच्या वाट्याची तेवढी मागून घ्या. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांतले बारीक मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यातून कॅल्शियमही मिळतं. शाकाहारी घरात दूध-ताकावर भर द्या.

रक्ताची तपासणी आणि रक्ताचं खाणं

‘चक्कर येते बाई, दम लागतो, काम होत नाही’ हे तुम्हाला रोज ऐकू येईल. ओठ, नखं, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसली तर शंका घ्या, पण खात्री हिमोग्लोबिन तपासूनच करा. गरोदर बाईचं आणि पाच वर्षांखालच्या लेकराचं ११ च्या खाली, इतर बायांचं १२ च्या खाली, पुरुषांचं १३ च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे. गरोदर बाईचं ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका, तिला रुग्णालयात पोचवा.

लोहाची भाजी आपल्या आजूबाजूला आहे. पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचा कोवळा पाला, मग आंबाडी, उन्हाळ्यात चिवळ, बारमाही शेवग्याचा पाला, मेथी, माठ. पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच शोषतं, म्हणून दोन गोष्टी सांगायच्या. एक, जेवताना लिंबू पिळा, किंवा आवळा, पेरू, संत्रं, बोरं खा. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. दुसरी, जेवणाला चहा लावू नका, जेवणानंतर तासभर चहा थांबवा. भाकर चहात कुस्करून खाण्याची सवय असलेल्या घरांत हे दुसरं सांगणं जड जातं. तिथं लेकरांपासून सुरुवात करा. लेकरांना चहा अजिबात नको. लोखंडी कढईत आंबट भाजी केली की कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं, म्हणून माळ्यावर टाकलेली जुनी कढई खाली काढायला सांगा. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. गुळात थोडं लोह असतं, पण गूळ-फल्ली खाल्ली म्हणून लोहाची गोळी सोडली असं होऊ देऊ नका.

गोळीबद्दल स्पष्ट बोला. गरोदर बाईला पहिले तीन महिने झाल्यावर रोज एक लाल गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळीनं शौचाला काळं होतं, मळमळतं. हे आधीच सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी पाकीट कपाटात जातं. रात्री जेवण झाल्यावर गोळी घेतली की मळमळ कमी होते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्यातून एक निळी गोळी आणि जंतनाशक गोळी मिळते आहे ना, हे मुलींनाच विचारा. जंत आतड्यातून रक्त पितात. अनवाणी वावरात जाणाऱ्यांना हा धोका जास्त.

लेकराचं पोट: चीक ते पहिला घास

जन्मल्यावर तासाभरात बाळ अंगावर लावायचं. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू द्यायचा नाही, त्यात रोगांशी लढणारे घटक असतात. सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे सांगताना आजीच्या चेहऱ्यावर काळजी दिसते आणि ती काळजी खरी असते. तिला सांगा, आईच्या दुधात बाळाला पुरेल इतकं पाणी असतं; तहान आईला लागते, तांब्या तिच्याजवळ ठेवा. बाळ अंगावर पिणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, गरोदरपणात लागणाऱ्या ३५० पेक्षाही पुष्कळ जास्त. म्हणजे तिच्या ताटात दोन जास्तीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर फल्ली हवी.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न. इथं सगळ्यात मोठी चूक वरणाचं पाणी आणि भाताची पेज यांची होते. त्यानं पोट भरतं, वजन वाढत नाही. घास चमच्यात धरून वाकडा केला तरी लगेच ओघळणार नाही इतका घट्ट हवा. दोन भाग तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या, एक भाग मुगाची डाळ, सोबत कोहळ्याची (लाल भोपळ्याची) फोड किंवा पालेभाजी, मऊ शिजवून घोटून घ्यायचं आणि वर चमचाभर तूप किंवा तेल. तेल आवर्जून सांगा: लेकराचं पोट लहान, थोड्या अन्नात जास्त ताकद जायला हवी, आणि कोहळ्या-पालेभाजीतलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा, मध्ये केळं किंवा उकडलेलं अंडं. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही.

आई वावरात आणि लेकरू आजीजवळ असेल तर रांधून ठेवलेलं अन्न दुपारपर्यंत टिकत नाही. अशा घरासाठी भाजून दळलेलं पीठ करायला शिकवा: दोन वाट्या ज्वारी किंवा गहू, एक वाटी हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ, अर्धी वाटी फल्ली, सगळं वेगवेगळं भाजून दळून कोरड्या डब्यात. फल्लीत काळे, बुरशी लागलेले दाणे असतील तर वेचून फेकायचे, त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं. आजीनं गरम पाण्यात किंवा दुधात पीठ कालवून गूळ-तूप घालायचं, झालं. पाच रुपयांचं पाकीट आणि बिस्किटाचा पुडा हातात दिला की लेकरू गप्प होतं, पण मग जेवत नाही. हे आजीला रागावून नाही, पीठ हातात देऊन सांगा.

दंडाची फीत आणि पायाचा अंगठा

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून मोजा. फीत आवळू नका. १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे हिरवा. ११.५ ते १२.५ पिवळा, मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली लाल, तीव्र कुपोषण. मग दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर फीत काहीही सांगो, ते लेकरू त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहिलं पाहिजे. सुजेमुळे लेकरू गुबगुबीत दिसतं आणि घरचे निर्धास्त राहतात.

लाल फितीचं लेकरू खातं-पितं आहे, ताप नाही, सूज नाही, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात त्याची सोय लागू शकते. खात नाही, सुस्त आहे, जुलाब-ताप आहे, तर पोषण पुनर्वसन केंद्र. तिथं आईला लेकरासोबत राहावं लागतं, घरची बाकी पोरं आणि मजुरी हाच तिचा खरा अडथळा असतो. तो कसा सोडवायचा हे नवऱ्याशी आणि शेजारणींशी बोलून ठरवा, तेव्हाच ती जाईल.

जुलाब लागले तर खाणं बंद करायचं नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या लेकराला २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचं.

आपल्या भागात वेगळं लक्ष द्यायच्या गोष्टी

पूर्व विदर्भात धानानंतर लाखोळी घेतात. तिची डाळ अधूनमधून, इतर डाळींसोबत खाल्ली जाते. पण टंचाईच्या काळात महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर तिच्यातल्या विषारी घटकानं पाय आखडतात आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्यानं विष कमी होतं, पूर्ण जात नाही. घरात दुसरी डाळच नसेल तर वहीत तशी नोंद करा, ते घर आधी पाहायचं.

यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले तर पाणी तपासायला पाठवा. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही.

सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आपल्याकडे बऱ्याच कुटुंबांत आहे. अशा रुग्णाचं रक्त कमी असतं ते लोहाच्या कमतरतेनंच असं नाही, म्हणून लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक ॲसिड चुकवू नये.

रेशनच्या तांदळात अलीकडच्या वर्षांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळलेले आले. त्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बाया वेचून टाकतात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात, हे त्यांच्यासमोर दाणा शिजवून दाखवा.

साखर आणि बीपी आता गावातही आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं. पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला दहा चमचे. औषध सुरू असलेल्याला भात बंद करायला लावण्यापेक्षा आधी ही साखर कमी करायला लावा.

परत जा

एका भेटीत एकच गोष्ट सांगा आणि दोन आठवड्यांनी तीच विचारा. डाळ एक मूठ वाढली का? गोळीचं पाकीट दाखवाल का, किती उरल्या? वहीतला कोणता रकाना भरला? काही बदल झाला नसेल तर कारण लिहून ठेवा, बहुतेक वेळा ते पैशाचं, वेळेचं किंवा सासूच्या परवानगीचं असतं आणि पुढचं बोलणं त्यावरच करायचं असतं.

जुलै-ऑगस्टचे महिने सगळ्यात कठीण. घरातलं धान्य संपत आलेलं, नवं यायला अवकाश, आई दिवसभर निंदणावर, आणि जुलाब-तापाची साथ. मेळघाटात लेकरांचं दुखणं याच दिवसांत वाढतं. या दोन महिन्यांत पिवळ्या फितीच्या लेकरांची यादी वेगळी काढा आणि त्यांच्याकडे दर आठवड्याला जा. दुपारी गेलात तर दाराला कडी असेल. सकाळी बाया वावराकडे निघायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जा, आणि फीत, वही, ओआरएस, झिंक पिशवीतच ठेवा.